पाळण्याजवळचा खोकला

मी शेतीखात्यातला माणूस. माझ्याकडून तुम्हांला बोंडअळी, हुमणी, बीजप्रक्रिया असल्याच गोष्टी ऐकायची सवय. आज मात्र लहान लेकरांच्या खोकल्याविषयी लिहितो आहे. मी डॉक्टर नव्हे. म्हणून जे डोळ्यांनी पाहिले आणि जे डॉक्टर व नर्सताईंना विचारून पक्के करून घेतले, तेवढेच येथे सांगणार आहे. यातली एक चूक माझीही आहे. तीही सांगतो.

गोष्ट २०२३ सालच्या एप्रिलची. बालाघाटाच्या डोंगरातले एक लहानसे गाव. निम्मे गाव ऊसतोडीला जाणारे. खरिपाच्या आधी घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे असेल तर त्याची उगवण तपासून घ्या, हे सांगत मी त्या दिवसांत गावोगाव फिरत होतो. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे आणि सातव्या दिवशी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर बियाणे पेरणीयोग्य. त्या गावात ही चाचणी एका घराच्या ओसरीवर मांडली. घर मोठे. आबा, आजी, थोरला मुलगा आणि सून, त्यांची सहा वर्षांची मुलगी, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. लेकीचे बाळ पाच आठवड्यांचे.

मुलगा आणि सून पाडव्याच्या आदल्या दिवशीच ऊसतोडीहून परतले होते. पाडव्यानंतर दोन दिवसांनी बारसे झाले. घरात आनंद होता. आम्ही गोणपाट भिजवत होतो तेव्हा आत मुलीला खोकल्याची उबळ आली. एकामागून एक, एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही. शेवटी आत हवा ओढताना कोंबड्याने आरवावे तसा एक लांब आवाज आला, आणि मग ती ओकली. दोन मिनिटांत पुन्हा अंगणात खेळायला हजर.

"किती दिवसांपासून आहे हो?" मी विचारले.

"झाला की महिना," आजी म्हणाल्या. "फडावर थंडी लई, अन् वर पाचटाची धूळ. मलाबी धरलाय आता. कडबा रचला ना परवा."

आजींच्या मांडीवर बाळ होते. ते शिंकत होते, मधूनच बारीकसे खोकत होते. मी म्हणालो, "हवा बदलली आहे, धुळीचाच असेल." आणि मोटारसायकलला किक मारली. पानावरचा एखादा ठिपका दिसला तर मी पान उलटून पाहतो, भिंग काढतो. त्या दिवशी मी काहीच उलटून पाहिले नाही.

सहाव्या दिवशी रात्री जेवताना सहज घरी विषय निघाला. माझी आई सत्तरी ओलांडलेली, ऐकायला थोडी कमी. मी त्या मुलीच्या खोकल्याचा आवाज काढून दाखवला. आईचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "अरे, हा तर डांग्या." मग तिने माझ्या आधीच्या बहिणीची गोष्ट सांगितली, जी मी लहानपणापासून अर्धी-अर्धी ऐकत आलो होतो. ती बहीण तीन महिन्यांची होऊन गेली होती. "तिला तर असा आवाजसुद्धा आला नाही," आई म्हणाली, "नुसती निळी पडायची."

सकाळी आठला मी त्या गावात होतो. वाटेत आशाताईंना बरोबर घेतले.

बाळ आईच्या मांडीवर होते. चार-पाच बारीक खोकल्या आल्या, आणि मग काहीच नाही. श्वासच नाही. ओठ जांभळे, मग कपाळ. आशाताईंनी बाळाला कुशीवर केले, पाठीवर हळू चोळले, तेव्हा कुठे ते आचके देत रडले. आजी म्हणत होत्या, "रात्रीपासून असंच व्हतंय, दृष्ट काढली तवा जरा थांबलं व्हतं." १०८ ला फोन केला. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राणवायू लावला आणि तेथून थेट जिल्ह्याच्या दवाखान्यात. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. नाकातून घशाच्या मागे काडी घालून नमुना घेतला आणि तो प्रयोगशाळेत पाठवला. डॉक्टर मात्र निकालासाठी थांबले नाहीत. औषध त्याच दिवशी सुरू केले. बाळ अकरा दिवस तिथे होते. पहिले पाच दिवस त्याची आई आणि मामा पाळीपाळीने रात्रभर नुसते त्याच्या ओठांकडे पाहत बसले होते.

हा खोकला आहे तरी काय

डांग्या खोकल्याचा जंतू १९०६ साली बेल्जियममधल्या ब्रुसेल्स शहरात झ्यूल बोर्डे आणि ऑक्ताव्ह जांगू या दोघा शास्त्रज्ञांनी वेगळा काढून वाढवून दाखवला. आपल्या श्वासनळीला आतून बारीक केसांसारखे तंतू असतात. कणसाच्या केसांपेक्षाही कितीतरी बारीक. ते सारखे वरच्या दिशेने हलत राहतात आणि धूळ, कफ बाहेर ढकलतात. हा जंतू नेमका त्या तंतूंना चिकटतो आणि विष सोडून त्यांना लुळे करतो. मग चिकट कफ आतच साठतो आणि तो काढण्यासाठी उबळीवर उबळ येते.

जंतू अंगात शिरल्यापासून साधारण सात ते दहा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही, लक्षणे दिसू लागतात. पहिला आठवडा-दोन आठवडे नुसते नाक वाहते, शिंका, किरकोळ खोकला, ताप फारसा नाही. कोणालाही पडसे वाटावे असेच. गंमत अशी, की नव्हे, दुर्दैव असे, की रोग सर्वांत जास्त पसरतो तो याच दिवसांत. त्यानंतर खऱ्या उबळी सुरू होतात. त्या रात्री जास्त येतात. एका श्वासात दहा-पंधरा खोकल्या, चेहरा लाल, जीभ बाहेर, डोळ्यांत पाणी, शेवटी तो हवा ओढण्याचा आवाज आणि उलटी. हे महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त चालते, मग हळूहळू उतरते. चिनी आणि जपानी भाषांत या रोगाला शंभर दिवसांचा खोकला असेच नाव आहे.

उबळीच्या मधल्या वेळात मूल अगदी ठणठणीत दिसते. म्हणून दवाखान्यात नेले की डॉक्टरांसमोर ते हसत बसते आणि आई-बाप खोटे पडतात. मला नर्सताईंनी एक चांगली युक्ती सांगितली. हल्ली घरोघर मोबाईल आहे. रात्रीची उबळ त्यात टिपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आवाज ऐकला की जाणता डॉक्टर लगेच ओळखतो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे मात्र वेगळे असते. त्याच्यात तो आवाज काढण्याइतकी ताकदच नसते. ते थोडेसे खोकते, अंगावर प्यायचे सोडते, निळे पडते, श्वास थांबतो. कधी खोकतही नाही, नुसता श्वास थांबतो. घरातली मोठी माणसे आवाजाची वाट पाहत बसतात आणि आवाज येतच नाही. माझ्या बहिणीचे तेच झाले असणार. एवढ्या लहान बाळाचा श्वास अडकतो आहे, ओठ निळे होतात, दूध पीत नाही, यांतले एक जरी दिसले तरी घरी एक रात्रही थांबू नये.

घरातून घरात

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आबांना बाहेर बाकावर बसवून विचारले, "घरात अजून कोण खोकतंय?" आबा म्हणाले, "तसं कोणी नाही." मग एकेक करून निघू लागले. नात महिनाभर. आजी पंधरा दिवस. सुनेला चार दिवसांपासून घसा खवखवतोय. आबांनाही रात्री ठसका, पण तो तंबाखूचा. बाईंनी कागदावर तारखा मांडल्या. मी शेजारीच होतो. करप्याचा पहिला ठिपका कुठल्या झाडावर पडला आणि वारा कुठून वाहिला हे आम्ही जसे शोधतो, तसेच ते होते.

मुलीला खोकला लागला फडावर, कोपीत. चार-पाच कोप्यांतली लेकरे एकत्र खेळायची, तिथेच कुठेतरी. ती घरी आली तेव्हा तिचा दुसरा आठवडा चालू होता. बारशाला पाळण्याची दोरी तिच्याच हातात होती, भावाचे पापे घेणारी पहिली तीच. दहा दिवसांनी आजींना लागला. बाळाला नातीकडून आला की आजीकडून, हे देवालाच ठाऊक. दोघींच्या मधोमध ते चोवीस तास होते.

हा रोग खोकल्याबरोबर उडणाऱ्या तुषारांतून पसरतो. एका छपराखाली राहणाऱ्या, ज्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती नाही अशा दहा माणसांत एकाला झाला, तर उरलेल्यांपैकी बहुतेकांना तो होतो. शंभरात ऐंशी-नव्वद असे प्रमाण पुस्तकांत दिलेले आहे. आणि दुसरी गोष्ट, जी मलाही माहीत नव्हती. लहानपणी लस घेतलेली असो की रोग होऊन गेलेला असो, त्याचे बळ काही वर्षांनी ओसरते. म्हणून मोठ्या माणसाला तो पुन्हा होऊ शकतो. त्याला फक्त चिवट खोकला येतो, तो कामाला जातो, कोणी विचारत नाही. तान्ह्या बाळाला बहुतेक वेळा हा रोग बाहेरून कोणी येऊन देत नाही. आई, बाप, भावंड, आजी यांच्यापैकीच कोणी देते. जे जवळ घेतात तेच.

मला येथे एक गोष्ट आठवते. २०२२ साली लंपी आला तेव्हा याच घरातल्या एका बैलाच्या अंगावर गाठी दिसल्या. आबांनी त्याच दिवशी त्याला गोठ्यातून काढून लांब लिंबाखाली बांधले, त्याची बादली वेगळी केली, त्याला वैरण टाकणारा माणूस दुसऱ्या जनावरांत जाऊ दिला नाही. हे मी कौतुकाने पाहिले होते. घरात मात्र खोकणाऱ्या माणसाला बाळापासून जरा दूर बसा म्हणायला आपली जीभ रेटत नाही. आजीला कसे म्हणावे? पाहुण्यांना कसे म्हणावे? बाळंतिणीच्या खोलीत तर खिडकीला गोधडी, आत शेक-शेगडीचा धूर, आणि गावातल्या बायांची रीघ. धुराने उबळ आणखी वाढते.

औषध कधी, आणि कशासाठी

यावर जंतू मारणारे औषध आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन नावाचे, साधारण पाच दिवसांचे. ते डॉक्टरांनी वजन पाहून द्यायचे असते, दुकानातून आपल्या मनाने आणायचे नाही. पहिल्या आठवड्यातच दिले तर रोग हलका जातो. उबळी सुरू झाल्यावर दिले तर खोकला लगेच थांबत नाही, आणि लोक म्हणतात औषध लागू पडले नाही. अळीने पान खाऊन टाकल्यावर फवारणी केली तर पानाची भोके बुजत नाहीत, पण शेजारचे झाड वाचते. तसेच हे आहे. औषधाचे पाच दिवस पूर्ण झाले की त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होत नाही. औषधाविना तो सुमारे तीन आठवडे जंतू उडवत राहतो. म्हणून त्या घरात ज्याला खोकला होता त्याला आणि ज्याला नव्हता त्यालाही, सगळ्यांना एकाच दिवशी औषध दिले. आबा कुरकुरले, "मला काय झालंय?" बाईंनी त्यांना गोठ्याचीच आठवण करून दिली, तेव्हा गप्प बसले.

मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकीची तपासणीही करावी. क्षयाचाही असू शकतो. ती तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आता काय करू नये तेही सांगतो, कारण हे सगळे त्या घरात होऊन गेले होते. बाळाला मध चाटवला होता. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून लुळेपणा आणणारा एक वेगळाच विषारी रोग होऊ शकतो. झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून दिले होते. ज्या बाळाचा श्वासच थांबतो आहे त्याला गुंगी आणणे फार धोक्याचे. गाढविणीचे दूध विकणारा गावात आला होता, त्याच्याकडून चमचाभर दूध बरीच किंमत मोजून घेतले होते. त्या कच्च्या दुधाने डांग्या जात नाही. आणि एक खोकल्याची बाटली दुकानातून आणलेली होती. असल्या बाटल्यांनी या खोकल्याला उतार पडत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक लेकरे गेली, त्यांतल्या कितीतरी जणांवर आपल्या नागपूरला उपचार चालू होते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्याचे औषध देऊच नये असे सरकारने त्या वेळी पुन्हा बजावले.

अंगावरचे दूध मात्र बंद करायचे नाही. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पाजावे. उबळीत उलटी झाली तर थोड्या वेळाने परत पाजावे. आईला खोकला असेल तर तिने तोंडाला पदर नव्हे, नीट मास्क बांधून पाजावे. उबळ आली की बाळाला कुशीवर धरावे, तोंडात बोट घालू नये.

लस

याची लस कशी आली ती हकिकत मला फार आवडते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावी पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग नावाच्या दोघी प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. १९३२ सालापासून, मंदीच्या दिवसांत, दिवसाचे काम संपल्यावर त्या संध्याकाळी गरिबांच्या घरोघर जात. खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर काचेची बशी धरायच्या, त्यावर उडालेले तुषार प्रयोगशाळेत वाढवून पाहायच्या. आमच्या खात्यातल्या माणसाला हे ओळखीचे वाटते. बांधावर गेल्याशिवाय काही कळत नाही.

आपल्याकडे १९७८ साली लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्रिगुणी लस गावात पोचू लागली. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात अशा तिन्हींवर मिळून एक. आता तीच पाच रोगांच्या लसीत घातलेली असते. दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने असे तिचे तीन डोस. मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या मध्ये त्रिगुणीचा एक बूस्टर आणि पाच-सहा वर्षांचे झाल्यावर दुसरा. सगळे फुकट.

लस टोचल्यावर मांडी सुजते, एखाद-दुसरा दिवस ताप येतो, बाळ किरकिर करते. त्यासाठी नर्सताई ताप उतरण्याचे औषध किती द्यायचे ते सांगतात. या तापाला भिऊन पुष्कळ घरे दुसऱ्या डोसाला फिरकत नाहीत. भीती फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. जपानात १९७४-७५ च्या हिवाळ्यात लशीनंतर दोन बाळे दगावली, लोक हबकले, आणि लसीकरण थांबले. आधी तिथे हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला होता. १९७९ साली तेथे तेरा हजारांवर रोगी झाले आणि ४१ मृत्यू झाले. इंग्लंडमध्येही त्याच दशकात लोकांनी लस टाळली आणि एक लाखावर रोगी झाले.

आपल्या गोष्टीतल्या मुलीचे पहिले तीन डोस झालेले होते, कारण ती पावसाळ्याच्या तोंडाला जन्मली आणि तेव्हा घर गावात होते. पुढचे दोन बूस्टर राहिले. सोळा महिन्यांची झाली तेव्हा कोयता निघायची घाई, परत आल्यावर पेरणीची घाई. कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाला. तिच्या आईने मला विचारले, "साहेब, फडावर आमाला कोण देणार लस?" हे पुष्कळांना ठाऊक नाही म्हणून सांगतो. कार्ड बरोबर असले की कोणत्याही जिल्ह्यातल्या, कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात पुढचा डोस मिळतो. ते आपल्याच गावचे असावे लागत नाही.

बाळाची गोष्ट वेगळी. त्याचा पहिला डोस दीड महिन्याला असतो, आणि तो जवळ यायच्या आतच त्याला खोकला लागला. एवढ्या लहान बाळाला वाचवायचे तर सभोवतालची माणसे जपावी लागतात. पुष्कळ देशांत आता गरोदर बाईलाच शेवटच्या तिमाहीत डांग्या खोकल्याची लस देतात, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला जन्माआधीच थोडे बळ मिळते. इंग्लंडमध्ये हे २०१२ पासून चालू आहे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात गरोदरपणी जी लस मिळते ती धनुर्वात आणि घटसर्पाची. डांग्याची वेगळी लस खासगी डॉक्टरांकडे मिळते. ती घ्यावी का, हे पैशाच्या हिशेबाने नव्हे तर डॉक्टरांना विचारून ठरवावे. माझे मत विचाराल तर घरात ऊसतोडीची ये-जा असेल तिथे जरूर विचारावे.

मे महिन्याच्या मध्याला मी पुन्हा त्या घरी गेलो. पहिले गोणपाट त्या धांदलीत कोणी सोडलेच नव्हते. दाणे कुजून गेले होते. दुसरे शंभर मांडले, अठ्ठ्याहत्तर उगवले. बाळ झोपले होते. त्याचा राहिलेला डोस झाला होता, कारण रोग होऊन गेला तरी लस घ्यावीच लागते. त्याच दिवशी मुलीलाही राहिलेला डोस मिळाला होता, आणि तिने मला मांडी दाखवून तक्रार केली. आजी ओसरीच्या टोकाला बसल्या होत्या. खोकला थांबला नव्हता. बाईंनी आता काही भीती नाही असे सांगितले होते, तरी तोंडाला फडके होतेच. मी म्हणालो, "आजी, आता घ्या की बाळाला." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या साहेब. अजून आठ दिस लांबूनच बघते."

ऑक्टोबरात कोयता निघाला तेव्हा कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुनेने स्वतःच्या पिशवीत वर ठेवले होते, असे मला आशाताईंनी सांगितले.